पूररेषेतल्या गावातले पहिले मत

चिपळूण नगर परिषदेसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मी आयुष्यातले पहिले मत दिले. माझा जन्म फेब्रुवारी २००७ चा असल्याने २०२४ ची लोकसभा आणि विधानसभा थोडक्यात हुकली होती. या निवडणुकीत मात्र १ जुलै २०२५ पर्यंतची मतदार यादी ग्राह्य धरली गेल्यामुळे माझे नाव तिच्यात आले. ऑगस्टमध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माझ्या वर्गमैत्रिणीचे मात्र आले नाही, आणि पुढची निवडणूक अगदी वेळेवर झाली तरी तोवर ती तेवीस वर्षांची झालेली असेल.

‘वेळेवर झाली तरी’ असे मी उगीच म्हणत नाही. आधीची नगर परिषद २०१६ च्या अखेरीस निवडून आली आणि तिची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. त्यानंतर ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, राज्यभरातल्या नगर परिषदांवर प्रशासक आले, आणि न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत कुठलीच हालचाल दिसली नाही. मी नववीत असताना नगरसेवक गेले, आणि नवे निवडण्याची वेळ मी महाविद्यालयात गेल्यावर आली. मधल्या काळात आमच्या आळीत पाणी आले नाही किंवा गटार तुंबले की नेमके कोणाचे दार ठोठवायचे, हे आजीलाही सांगता येत नसे. एरवी तिला गावातले प्रत्येक दार ठाऊक असते.

या रिकाम्या काळाची सुरुवात चिपळूणच्या दृष्टीने फार वाईट वेळी झाली. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी आणि शिवनदी गावात शिरल्या होत्या. बाजारपेठ, चिंचनाका, वडनाका, मुरादपूर, पेठमाप, सगळीकडे पाणी होते, आणि कित्येक घरांचा तळमजला छतापर्यंत बुडाला होता. २००५ च्या पुराच्या खुणा ज्या भिंतींवर होत्या, त्यांच्याही वर नवी रेघ उमटली. वाशिष्ठीतला वर्षानुवर्षांचा गाळ काढावा म्हणून चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण सुरू केले, आणि त्याच महिन्यात नगर परिषदेची मुदत संपली. म्हणजे ज्या दिवसांत गावकरी मंडपात बसून नदीबद्दल बोलत होते, त्याच दिवसांत गावाच्या वतीने बोलणारे सभागृह रिकामे होत होते. हा योगायोग मला प्रचाराच्या काळात सारखा आठवत राहिला, कारण व्यासपीठावरून तो कोणी सांगितल्याचे मी ऐकले नाही.

ऐकले ते बहुतेक आश्वासनांच्या रूपात. कोणी गाळ काढणार होते, कोणी बांधकामांवर बंधने आणणारी पूररेषा रद्द करून आणणार होते, कोणी मुंबई-गोवा महामार्गाचा प्रश्न सोडवणार होते. मत देण्यापूर्वी यातले काय खरोखर नगर परिषदेच्या हातात आहे हे समजून घ्यावे, असे मी ठरवले, आणि निष्कर्ष काहीसा निराश करणारा निघाला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो. नदीतला गाळ आणि त्याचा निधी राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो. कोयनेची वीज तयार झाल्यावर कोळकेवाडीहून वाशिष्ठीत उतरणाऱ्या पाण्यावर गावाचे काहीच चालत नाही. महामार्ग तर केंद्राचा आहे. बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल १६ ऑक्टोबर २०२३ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला, तेव्हाही गाव फक्त बघत उभे राहिले. तरीही प्रत्येक पत्रकात हेच विषय सर्वांत मोठ्या अक्षरांत होते.

नगर परिषदेच्या हातात काय उरते, तर गटारे, पऱ्हे (म्हणजे वस्तीतले लहान ओढे), नालेसफाई, कचरा, पाणीपुरवठा, पथदिवे, अग्निशमन, बांधकाम परवानगी आणि मालमत्ता कर. ही यादी सभेत टाळ्या मिळवणारी नाही, हे मला मान्य आहे. पण शिवनदी गावाच्या मधून वाहते, तिला मिळणारे पऱ्हे वस्तीतून जातात, आणि त्यांच्या काठावर काय बांधू द्यायचे याचा निर्णय नगर परिषदेच्याच कचेरीत होतो. रात्री पाणी वाढू लागल्यावर भोंगा कधी वाजतो आणि खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना वर कोण हलवते, हे प्रश्नही मुंबईत सुटणारे नाहीत. म्हणून घरी प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला मी एवढेच विचारले, की आमच्या प्रभागातला पऱ्ह्या मे महिन्यात कोण आणि कुठवर उपसणार. एकाने वरच्या नेत्यांशी असलेली ओळख सांगितली. एकीने मात्र पऱ्ह्या कोणत्या मोरीपाशी अडतो ते न अडखळता सांगितले. मी कोणाला मत दिले हे लिहिणार नाही, पण वाचणाऱ्याला तर्क करायला मोकळीक आहे.

नगराध्यक्षाचे मत देताना माझा गोंधळ अधिक झाला. २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली गेली. प्रत्येक वेळी सरकार बदललेले होते, तेव्हा या बदलांमागे लोकशाहीच्या विचारापेक्षा सोयीचा हिशेब अधिक असावा, असे मला वाटते. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्यांचे असे होऊ शकते, आणि तसे झाल्यावर साध्या ठरावांसाठीही ओढाताण सुरू होते. तरीसुद्धा, गावाचा प्रमुख आपण स्वतः निवडतो आहोत ही भावना सुखावणारी असते, हेही खरे आहे.

आमच्या प्रभागातून दोन सदस्य निवडायचे असल्यामुळे नगराध्यक्षासह तीन मते द्यायची होती. विधानसभेच्या वेळी व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी दिसते, असे घरच्यांकडून ऐकले होते. नगर परिषदेच्या निवडणुकीत ती सोय नसते. तिसरे बटण दाबल्यावर बीप वाजला आणि मी बाहेर आले. रांगेत असताना मनात जी धाकधूक होती, ती मत देताना जाणवलीच नाही, याचे मला थोडे आश्चर्य वाटले.

निकाल दुसऱ्याच दिवशी लागायचा होता. परंतु काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर ढकलले गेले होते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मतमोजणी २१ डिसेंबरला एकत्र घेण्यास सांगितले, आणि हा आदेश ऐन मतदानाच्या दिवशी आला. पुण्यात माझी परीक्षा जवळ आल्याने मी परतले आहे. मतमोजणीपूर्वी हे लिहिताना यंत्रे मोहोरबंद खोलीत आहेत, बाहेर पोलीस आहेत, आणि उमेदवारांची माणसेही पाळीपाळीने बसतात, असे बाबा फोनवर सांगतात. इतक्या चिकाटीने पऱ्ह्यावर कोणी लक्ष ठेवले असते तर, असे मी त्यांना म्हणाले, तेव्हा ते फक्त हसले.

जो कोणी निवडून येईल, त्याच्या हातात पावसापूर्वी जेमतेम पाच महिने असतील. अंदाजपत्रक त्याच मुदतीत मंजूर व्हायचे आहे, आणि नालेसफाईच्या निविदाही त्यातच निघायच्या आहेत. मेमध्ये सुट्टीला घरी गेल्यावर मी त्या मोरीपाशी जाऊन पाहणार आहे.