आठ इंची आरशावरचा चरा

टेलिस्कोपचे आरसे घासायला शिकवतो मी. परवाची एक केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय.

एका मुलीचा 200 मिमीचा आरसा, पॉलिशिंग जवळपास संपलेलं, फूको टेस्टला (आरशावरून परतणारा प्रकाश पात्याने अडवून पृष्ठभाग तपासतात ती) पृष्ठभाग मस्त गुळगुळीत दिसत होता, आणि कुणीतरी त्यावर मोबाईलचा टॉर्च मारला. झालं! 40 मिमी लांबीचा एक चरा आणि त्याच्या आजूबाजूला केसासारख्या बारीक रेघा. तिचा चेहराच उतरला. "सर, परत 9 मायक्रॉनच्या ग्रिटवर जाऊ का?" ग्रिट म्हणजे पॉलिशच्या आधी काच घासायची पूड. आमच्यातले दोघं लगेच हो म्हणाले. मला हे पटतच नाही, टेस्टवर बघायचं सोडून टॉर्चवर आरसा नापास करायचा.

हिशोब बघा ना. चरा 0.02 मिमी रुंद धरला तरी क्षेत्रफळ 0.8 चौरस मिमी, आणि आरसा 31,400. समोर 50 मिमीचा तिरका आरसा लावतो तो सहा टक्के प्रकाश अडवतो, त्याबद्दल कुणी रडत नाही. उलट चरा घालवायच्या नादात पॉलिश करत राहिलं आणि कड पडली, म्हणजे कडेची काच जास्त झिजून उतरली, तर नुसत्या बाहेरच्या 5 मिमी पट्ट्यात जवळपास दहा टक्के क्षेत्रफळ असतं, तिथला प्रकाश फोकसला येतच नाही.

मग लॅप बघितला, म्हणजे ज्यावर आरसा पॉलिश करतो ती पिचचा (डांबरासारख्या राळेचा) थर दिलेली थाळी. पिचच्या कडेला आणि त्यात कापलेल्या खाचांमधे सेरियम ऑक्साईड (पॉलिशची पूड) वाळून पापुद्रे धरले होते, ते सुटून काचेखाली जातात. सगळं खरवडलं, वाहत्या पाण्यात ब्रशने धुतलं, खाचा परत कापल्या, लॅप कोमट करून आरशावर दाबून बसवला. सेरियम पण पाण्यात ढवळून, जड कण खाली बसू देऊन वरचंच वापरलं. पुढच्या पॉलिशिंगमधे बारीक रेघा गेल्या.

मोठा चरा मात्र तसाच. भिंगाखाली त्याच्या कडा तुटक, आतून धुरकट दिसतात, म्हणजे तो ग्रिटच्या वेळचा असणार, पॉलिशचा नाही. पण मग 5 मायक्रॉनच्या ग्रिटनंतर आम्ही दोघांनी भिंगाने अख्खा आरसा तपासला होता, तेव्हा तो कुठे होता? एका टोकाला कडा साफ आहेत, पॉलिशच्या चऱ्यासारख्या, तेच मला खटकतंय. चरा ठेवायचा असं तिने ठरवलंय, पॅराबोलाचं, म्हणजे आरशाला शेवटचा नेमका आकार द्यायचं, काम चालू आहे. ग्रिटनंतर काच तिरप्या उजेडात तपासताना तुम्ही नक्की काय बघता ते सांगा.