कोराटला जाण्याआधीची कागदपत्रं

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी शोधायला लागलं की आधी तुमचा पासपोर्ट बघतात, इंग्रजी नंतर. कोरियाच्या सरकारी शाळांत मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांचे लोक घेतात. जपानमध्ये शाळेत शिकवायच्या व्हिसासाठी इंग्रजी मातृभाषा नसलेल्याचं १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं लागतं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, त्यामुळं तो विषय तिथंच मिटला. थायलंड उरलं, कोराट हे तिथलंच एक शहर. तिथं पदवी लागते आणि आपल्यासारख्यांकडून बहुतेक जाहिराती इंग्रजीच्या टोइक परीक्षेत किमान ६०० गुण किंवा आयईएलटीएस या तशाच परीक्षेचा तोलामोलाचा निकाल मागतात. एकाच जाहिरातीत 'नेटिव्ह' (इंग्रजी मातृभाषा असलेले) आणि 'नॉन-नेटिव्ह' (बाकीचे) असे दोन पगार छापलेले असतात, वर्ग तेच, तास तेवढेच. राग येतो. पण राग बाजूला ठेवून अर्ज करायचा असेल तर पुढचं वाचा.

इंग्रजीचा निकाल हातात पडायला फार त्रास झाला नाही. पुण्याला जाऊन परीक्षा दिली, संपलं. खरी दमछाक झाली ती मी म्हणजे मीच, हे कागदावर पटवून देताना.

आपल्याकडच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि माझ्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं. थाई लोक एकमेकांना आडनावानं हाक मारत नाहीत, त्यामुळं कोराटच्या शाळेकडून पहिली ईमेल आली ती गुणपत्रकावरचा पहिला शब्द माझं नाव समजून. दुसऱ्या ईमेलमध्ये मला आप्पांच्या नावानं हाक. आप्पांना दाखवली तर म्हणाले, "मग मीच जातो की!" शेवटी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून नोटरीचा शिक्का मारून पाठवलं, तेव्हा ते नाव जागेवर आलं.

त्याच्यापुढचा घोळ विद्यापीठाच्या नावाचा. माझ्या पदवीवर 'सोलापूर विद्यापीठ' आहे. २०१९ मध्ये ते 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' झालं, त्यामुळं नंतर काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या दाखल्यावर, नवं नाव. कोराटच्या कारकुनाला ही दोन वेगळी विद्यापीठं वाटली तर त्याचं काय चुकलं? नामांतर झालं आहे असं विद्यापीठाच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या. २०१९ च्या आधी पदवी घेतलेल्या प्रत्येकानं हे पत्र ट्रान्सक्रिप्टबरोबरच मागावं, म्हणजे केगावला विद्यापीठात परत हेलपाटा नको.

पासपोर्टचं शेवटचं पान उघडून बघा. 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे देश सोडण्याआधी तपासणी लागते) असं छापलेलं असेल तर थांबा. नोकरीसाठी जाताना अशा पासपोर्टवर एमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या देशांच्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंडही आहे. दहावी पास असाल तर हा शेरा काढून घेता येतो, फक्त नवा पासपोर्ट करावा लागतो. आधी केलेला असेल तर बरं.

पोलीस क्लिअरन्सचा, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याच्या दाखल्याचा, अर्ज आता टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रातही चालतो, फी ५०० रुपये. त्यानंतर पोलीस ठाण्यातून बोलावण्याचा फोन येतो. "परदेशात कशाला?" "शिकवायला." "काय?" "इंग्रजी." हवालदार साहेबांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि मुलाच्या दहावीच्या इंग्रजीचं काय करावं ते विचारलं. त्या दिवशी माझी चौकशी कमी आणि त्यांच्या मुलाचीच जास्त झाली.

आता शिकवण्याबद्दल. शाळेनं दहा मिनिटांचा डेमो व्हिडिओ मागितला होता, अट एकच: मुलांची भाषा वापरायची नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकवणी घ्यायचे. तिथं यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, विडी वळणाऱ्या बायकांची मुलं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, आणि दोघं-तिघं कानडी बोलणारी. मराठीत अर्थ सांगितला तरी चार जणांना कळायचा, चार जण तोंडाकडं बघत बसायचे. म्हणून मी 'ऑन' आणि 'अंडर' शिकवताना डबा बाकावर ठेवायचे, बाकाखाली सरकवायचे, मग एका पोराला बाकाखाली बसवायचे. तो खालून ओरडायचा, "आय ॲम अंडर!" त्याच वर्गाचा व्हिडिओ, पालकांना विचारून, पाठवला. इंग्रजी परकी भाषा म्हणून कशी शिकवायची याचा, टीईएफएलचा, १२० तासांचा ऑनलाइन कोर्स मी केला होता, पण त्यात शिकवलेलं बरंचसं ही पोरं माझ्याकडून आधीच करून घेत होती.

घरच्यांना मात्र पेपरातल्या बातम्यांची धास्ती. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून मुलांना सीमेपलीकडं म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीला जुंपल्याची प्रकरणं खरी आहेत, परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ मध्ये तसा इशाराही दिला होता. आप्पांनी ते कात्रण फ्रीजवर लावून ठेवलं. मलाही एक एजंट भेटला होता, "पर्यटक म्हणून जा, व्हिसा तिथं बदलून देतो" म्हणणारा. असं कुणी म्हटलं की उठायचं. शिकवण्यासाठी नॉन-इमिग्रंट बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, त्याची कागदपत्रं शाळाच पाठवते आणि वर्क परमिट तिथं गेल्यावर शाळेमार्फतच होतं. २०२५ पासून भारतातून ई-व्हिसा आहे, त्यामुळं मुंबईची एक फेरी वाचते. मी आप्पांना शाळेच्या मुख्याध्यापिकेशी व्हिडिओ कॉल करून दिला. दोघांना एकमेकांचं काही कळलं नाही, तरी कॉल संपल्यावर कात्रण फ्रीजवरून निघालं.

सामानात शेंगा चटणी आणि कडक भाकरी ठरलेलीच. चादर आईनं बळंच घातली. कोराटच्या एप्रिलमध्ये सोलापुरी चादर! पण सोलापूरच्या उन्हात वाढलेल्याला इथली गरमी फार जड जात नाही, घामाचं मात्र बोलू नका.

थायलंडमध्ये शाळा मे महिन्याच्या मध्याला सुरू होतात. त्या हिशेबानं दिवाळीनंतर विद्यापीठाच्या कामाला लागा, आणि पोलीस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी काढा, कारण जुना झालेला दाखला शाळा परत पाठवते.