आमची वाटचाल : झाड तोडण्यापेक्षा उतरवण्याचे काम

बडोद्यातील आमच्या झाडे छाटण्याच्या आणि उतरवण्याच्या व्यवसायाची सुरुवात दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील जुन्या वाड्यांमुळे झाली. या वाड्यांच्या परसात वाढलेले कडुनिंब आणि पिंपळ कौलांवर, शेजारच्या गच्चीवर आणि विजेच्या तारांवर झुकलेले असतात. बोळातून क्रेन आत शिरत नाही आणि फांदी नुसती तोडून सोडावी, तर खाली कौले, तुळशीवृंदावन आणि शेजाऱ्यांची स्कूटर असते. कुऱ्हाड-कोयता घेऊन अनवाणी चढणारे कसबी लोक शहरात पूर्वीपासून आहेत, आणि आमचे ज्येष्ठ सहकारी त्याच परंपरेतले आहेत. माझे शिक्षण निराळे : मी दोर आणि गाठी शिकलो त्या माउंट अबूच्या स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्थेत.

मात्र कड्यावरचा दोर झाडावर जसाच्या तसा चालत नाही. प्रस्तरारोहणाचा दोर पडणाऱ्या माणसाचा झटका शोषून घेण्यासाठी मुद्दाम ताणणारा बनवलेला असतो. झाडावर माणूस तासन्‌तास दोरावरच बसून असतो आणि हातात चेनसॉ असताना तो वरखाली हिंदकळणे परवडत नाही, म्हणून येथे ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणणारा दोर लागतो. हा दोर भक्कम बेचक्यात पोहोचवण्यासाठी आधी वजनाची छोटी पिशवी बांधलेली बारीक दोरी फेकली जाते. चीक असलेल्या वड-पिंपळावर दोर थेट सालीवरून फिरवला, तर सालही सोलते आणि दोरही खराब होतो, म्हणून मध्ये धातूच्या कड्या असलेला पट्टा अडकवतो आणि दोर त्या कड्यांतून फिरवतो. कापताना मुख्य दोराखेरीज कमरेचा दुसरा बंध झाडाला असलाच पाहिजे, कारण चेनसॉ फांदी आणि दोर यांत फरक करीत नाही. काट्यांचे बूट आम्ही फक्त पूर्ण काढायच्या झाडावर वापरतो. राहणाऱ्या झाडाला त्याची प्रत्येक जखम म्हणजे कुजण्याला दिलेली वाट असते.

खरी कसोटी लागते ती ओंडका खाली उतरवताना. ४० सेंटिमीटर व्यासाचा, १ मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण सव्वाशे किलोचा भरतो. तो कप्पीवरून नुसता स्थिर लटकला, तरी कप्पीच्या बांधणीवर जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण दोराच्या दोन्ही बाजू तिला खाली ओढतात. उभ्या खोडाचा शेंडा कापताना तर कप्पी कापाच्या खाली असते. तुकडा आधी कोसळतो आणि मग दोराला झटका देतो. तो झटका वजनाच्या कितीतरी पट असू शकतो आणि ज्या खोडाला चढणारा बांधलेला असतो, तेच खोड हादरते. म्हणून खाली बुंध्याला लोखंडी नळा बांधून दोराला त्यावर वेढे देतात आणि खालचा माणूस दोर आधी मोकळा सरकू देऊन मग हळूहळू आवळतो. किती वेढे द्यायचे, कधी सोडायचे, हे त्याच्या हातांना कळावे लागते. आमच्याकडे या दोरवाल्याची मजुरी चढणाऱ्याइतकीच आहे. व्यवसायात घेतलेल्या निर्णयांपैकी हा मला सर्वांत योग्य वाटतो.

मोकळ्या जागेत उभे झाड पाडण्याची कामे आमच्याकडे थोडी येतात. तेथे पडण्याच्या बाजूला व्यासाच्या सुमारे पाव भागाइतकी खाच घेऊन, मागील काप तिच्यापर्यंत न नेता, व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाची लाकडाची बिजागरी राखतात. बुंध्यावर हातोडा मारून आवाज पोकळ आला, तर त्या बिजागरीवर भरवसा ठेवता येत नाही.

छाटणीत आमचे ग्राहकांशी सर्वांत जास्त खटके उडतात. झाडाचे सरसकट मुंडण करून मागणाऱ्यांची कामे आम्ही नाकारतो, मग त्यापायी सोसायटीचे पूर्ण कंत्राट गेले तरी चालेल. जड फांदी काढताना आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून काप आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर, असा क्रम असतो. त्यामुळे साल खोडापर्यंत फाटत जात नाही आणि जखम भरून येते. वडाच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या तर हौसेने कापूच नयेत, कारण आडव्या फांदीचा भार त्याच पेलत असतात.

बडोद्याची म्हणून एक खास अडचण आहे : उत्तरायणानंतर फांद्यांत अडकलेला काचेचा मांजा. ताणाखालील दोराचे आवरण तो घासून कापू शकतो, म्हणून जानेवारीनंतर चढण्याआधी बांबूच्या आकड्याने तो काढतात आणि संध्याकाळी दोर हाताखालून इंचाइंचाने तपासतात. दोर दिसायला धड असला तरी मोठा झटका बसला की तो माणसाचा भार पेलण्याच्या कामातून बाद होतो.

पावसाळ्यापूर्वीची कामे शक्यतो एप्रिलमध्येच ठरवावीत, अशी आमची विनंती असते. महापालिकेची परवानगी, तारा जवळ असल्यास वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेणे, आणि आग्या मोहोळ असल्यास ते आधी जाणकाराकडून हलवणे, यांपैकी काहीही बाकी असेल तर आम्ही झाडावर दोर टाकत नाही.