तुम्ही विचारलंत म्हणून: क्रोशा फायनल डिस्प्लेत कसा बसवला

"ताई, क्रोशा तर तुझा छंद, मग तो बीएफएच्या (चित्रकलेच्या पदवीच्या) फायनल डिस्प्लेत कसा काय लावलास, सरांनी चालवून घेतलं?" हे मला बऱ्याच जणींनी विचारलंय आणि दोन मुलांनीपण, त्यातला एक ओरिगामी करतो आणि एकाला सायकलचं वेड आहे. तर तुम्ही विचारलंत म्हणून सगळं एकदाच लिहिते.

पहिला प्रयत्न साफ फसला. मी आजीचं ऑइलमध्ये पोर्ट्रेट केलं होतं आणि तिच्या पदराच्या जागी मी विणलेली लेस कॅनव्हासवर फेव्हिकॉलने चिकटवली होती. मला तर ते फारच आवडलं होतं. सरांनी बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, "लेस काढली तर चित्राचं काय बिघडेल?" मी विचार केला, काहीच बिघडत नव्हतं. त्या रात्री घरी ती लेस ओढून काढली, अर्धे दोरे रंगातच राहिले, आणि मी रडले ते चित्रासाठी नाही तर लेस वाया गेली म्हणून.

मग ठरवलं की नुसती लेसच फ्रेम करून लावायची, तर ते रुखवतासारखं दिसायला लागलं. रुखवताला मी अजिबात कमी लेखत नाही, माझ्या आजीच्या रुखवतातला ताटावरचा रुमाल आजही आमच्याकडे आहे आणि तसा मला जन्मात जमणार नाही. पण तिथे बघणारा सफाई बघतो, किती बारीक, किती सारखं. डिस्प्लेला उभा राहणारा विचारतो की हे रंगवून चाललं नसतं का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर लायब्ररीत मिळायला लागलं. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांच्या कामाचे फोटो बघा. त्या १९४९ साली मुंबईत जन्मल्या, बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या, आणि रंगवलेल्या दोरांना हाताने गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं केली. २०१५ मध्ये त्या गेल्या, २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन झालं. ती गाठ दगडात कोरता येणार नाही, गाठीचं वजन आणि तिचं लोंबणं हेच शिल्प आहे. मैत्रीण म्हणत होती, तू पण क्रोशाचं कोरल रीफ, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, कर ना, मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ पासून केलं तसं. पण त्यांच्या कामामागे गणित आहे, डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये क्रोशाने दाखवून दिलेलं: दर ठरावीक टाक्यांनंतर एका घरात, म्हणजे खालच्या ओळीतल्या एका टाक्यात, दोन खांब (उंच टाके) घालत गेलं की कापड सपाट राहूच शकत नाही, झालर पडत जाते, आणि प्रवाळाचा आकारही तसाच असतो. तिथे टाका स्वतः काम करतो. मी केलं असतं तर ती नक्कल झाली असती. माझा टाका काय काम करतो, हे मला शोधायचं होतं.

आणि मी विणते कुठे, तर ट्रेनमध्ये. ठाण्याहून वाशी, लेडीज डबा, जाऊन येऊन तास सव्वा तास. क्रोशाचं बरं असतं, एका वेळी सुईवर एकच टाका जिवंत असतो, गर्दी आली की सुई काढून त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि पिशवीत टाकायचं, दोन सुयांच्या विणकामात असं करायला गेलं तर सगळे टाके घसरतात.

म्हणून नियम केला. शंभर खांब रुंदीची पट्टी. जाताना पांढरा दोरा, येताना निळा, दोन्ही जांभळी नाक्याच्या दुकानातले साधे सुती. प्रवासात जेवढं होईल तेवढंच, स्टेशन आलं की ओळ अर्धी असली तरी तोडायची आणि तिथूनच पुढचा रंग. घरी एक टाकासुद्धा घालायचा नाही, हे सगळ्यात अवघड गेलं.

दोन महिन्यांनी पट्टी जमिनीवर पसरली तेव्हा दिसलं की कडा वाकड्यातिकड्या झाल्यात. खिडकी मिळालेल्या दिवशीच्या ओळी सैल, रुंद, आणि ऐरोली रबाळेपर्यंत दाराशी उभं राहून कोपर अंगाशी धरून विणलेल्या ओळी इतक्या घट्ट की पट्टी तिथे कमरेसारखी आत गेलेली. परीक्षेच्या आठवड्यात तर खांबसुद्धा नीट नाहीत, मुके खांबच (बुटके टाके) जास्त. आजी म्हणाली, "अगं उसव ते, कड बघ कशी झालीये." तिचं बरोबरच होतं, तिच्या शास्त्रात चुकलेली ओळ उसवायचीच असते, मलाही तिने तसंच शिकवलंय. पण मला त्याच क्षणी कळलं की हे रंगवून होणार नाही, माझा हात त्या दिवशी कसा होता ते त्या दोऱ्यातच राहिलंय. मी उसवलं नाही. तिला खूप वाईट वाटलं आणि ते मला अजून खटकतं.

डिस्प्लेला पट्टी पाच मीटरच्या थोडी वर झाली होती. भिंतीला ठोकली नाही, छतापासून सोडली आणि जमिनीवर आणली, मागची दोऱ्यांची टोकंपण दिसावीत म्हणून. शेजारी फक्त नियम लिहिले, चार ओळी. एक्झामिनर मॅडमनी एक आत गेलेली जागा चिमटीत धरून विचारलं की ही कधीची, आणि मी सांगू शकले.

ओरिगामीवाल्याला मी हेच विचारलं, की तू घड्या घालतोस ते कुठे, कधी, कागद कुठला, चुकलेल्या कागदाचं काय करतोस? तयार झालेले बगळे नंतर बघू. सायकलवाल्याशी अजून बोलणं व्हायचंय.

पट्टी आता आजीच्या दिवाणावर असते. गेल्या महिन्यात गेले तर तिने मला न विचारता पट्टीच्या चारही बाजूंनी मुक्या खांबांची बारीक किनार विणून टाकली होती. कड सरळ झालेली नाही, किनारच आतबाहेर वळत गेलीये. चष्मा सावरत तिने एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे फारच ओढलंयस गं, मला दोन घरं सोडावी लागली."