कमाई तिची, मालक नवरा

सध्या कॅरोलाइन नॉर्टनबद्दल वाचतेय आणि ती बाई डोक्यातून जातच नाहीये. लंडनमध्ये राहायची, कविता-कादंबऱ्या लिहून चांगले पैसे मिळवायची, आणि नवरा जॉर्ज मारकुटा. १८३६ मध्ये या जॉर्जने थेट पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नवर दावा ठोकला की माझ्या बायकोशी तुमचे संबंध आहेत, १०,००० पौंड भरपाई द्या. ज्युरीने जागचं न उठता दावा फेटाळला, पण अख्ख्या खटल्यात कॅरोलाइनला एक शब्द बोलता आला नाही, कारण कायद्याने ती पक्षकारच नव्हती. अब्रू मात्र तिचीच गेली.

आणि मुलं? तीन मुलगे, धाकट्याला तीन वर्षंही पुरी नव्हती. मुलं बापाची, असा कायदा, त्यामुळे तो घेऊन गेला आणि आईने भेटायचं की नाही हेही तोच ठरवणार. तिने पत्रकं लिहिली, खासदारांच्या मागे लागली आणि १८३९ मध्ये कायदा झाला की सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आई कोर्टाकडे मागू शकते. पण जॉर्जने मुलं स्कॉटलंडला ठेवलेली, तिथे हा कायदा लागूच नाही!! १८४२ मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडला, ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला इथे पुढे वाचवेचना. त्यानंतर कुठे उरलेल्या दोघांना तो आईकडे पाठवायला लागला.

पैशांचंही तेच. वेगळी राहिली तरी पुस्तकांचे पैसे कायद्याने नवऱ्याचे. त्याने लेखी कबूल केलेली रक्कम बंद केली, १८५३ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं तर काय, तो करारच बांधील नाही, कारण बायको नवऱ्याशी करार करू शकत नाही! मग १८५५ मध्ये तिने व्हिक्टोरिया राणीलाच जाहीर पत्र लिहिलं. १८५७ च्या कायद्यात नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या कमाईला संरक्षण मिळालं, त्यामागे तिची धडपड मोठी आहे. सगळ्या लग्न झालेल्या बायकांची कमाई त्यांची स्वतःची व्हायला मात्र १८७० उजाडलं.

आणि हे फक्त तिकडचं नाही हं. बायकोला नांदायला लावायचा दावा इंग्लिश कायद्यातूनच आपल्याकडे आला. नांदायचा हुकूम न पाळल्याबद्दलचा तुरुंगवास इंग्लंडने १८८४ मध्ये काढून टाकला, आणि १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने लहानपणी लग्न झालेल्या आणि नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन.