नऊ नंबरचे दूध

मंगळवार, रात्री पावणेअकरा.

आज पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मी एक ग्लास दूध प्यालो आणि त्याचे पैसे आमच्या पेठेच्या फुटबॉल संघातल्या नऊ नंबरने दिले. घडले ते इतकेच आहे. त्यानंतर मी विजेचे बिल भरून आलो, वर्तमानपत्र दोनदा वाचले, दुपारी पडून पाहिले, संध्याकाळी रंकाळ्यावर अर्धी फेरी मारून परत फिरलो. पण तो ग्लास काही केल्या मनातून हलत नाही, म्हणून ही झोपल्यावर वही उघडून बसलो आहे.

जसे झाले तसे लिहितो. साडेपाच वाजले असतील. म्हशी रांगेने उभ्या होत्या, गवळ्याने ग्लास कासेखाली धरला होता आणि फेस काठाच्या वर आला होता. माझ्यापुढे कोणीतरी पाठमोरे उभे होते. घामाने पाठीला चिकटलेला साधा पांढरा टी-शर्ट, पायात खेळाचे बूट. ग्लास त्याच्या हाती आला, तो वळला आणि मला पाहून क्षणभर थांबला. मग दोन्ही हातांनी ग्लास माझ्यापुढे धरून म्हणाला, "घ्या सर, तुम्ही आधी." मी म्हणालो, "अरे, तू घे की." तो म्हणाला, "माझं झालंय सर," आणि कोपऱ्यावरून पळत गेलासुद्धा. मी खिशात हात घातला, तर गवळी म्हणाला, "दिल्यात की त्यानं पैसे."

त्याचे झाले नव्हते. धारोष्ण दूध पिणाऱ्याच्या ओठावर फेसाची एक रेघ राहते आणि ती मनगटाने पुसावी लागते. त्याचा ओठ कोरडा होता. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा ग्लास अर्धा रिकामा झाला होता, आणि तरीही उरलेला अर्धा मी संपवला. दूध टाकू नये, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

पाच आठवड्यांपूर्वी त्याच्यावरून संघाची बैठक झाली, तिचे इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. शिक्षकाचे अक्षर म्हणून ते काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आलेले आहे. त्या रात्री तीन ठराव झाले. या हंगामात त्याला एकही सामना खेळवायचा नाही, हा पहिला. किट परत घ्यायचे, हा दुसरा. आणि खुराक बंद, हा तिसरा. पहिले दोन कोणी मांडले आणि त्यांना अनुमोदन कोणी दिले, हे वहीत नोंदलेले आहे. तिसऱ्यापुढे फक्त 'सर्वानुमते' असे लिहिले आहे, कारण तो कोणी मांडलाच नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, "आणि काय राहिलं?" आणि मी लिहिता लिहिता, मान वर न करता, विचारले, "मग खुराकाचं काय?" मी नुसते विचारले होते. पण बैठक संपवून जेवायला जायची घाई असलेल्या चौदा माणसांत प्रश्नाचा ठराव व्हायला कितीसा वेळ लागतो?

खुराक म्हणजे काय, तर रोजचे दूध, अंडी आणि केळी. ज्याचे दूध माझ्या एका प्रश्नाने बंद झाले, त्याच्याच पैशाचे दूध मी आज प्यालो. ग्लास मी परत द्यायला हवा होता. निदान त्याला हाक मारायला हवी होती. हाक मारली असती तर पुढे काय बोललो असतो, हे मात्र आत्ताही सुचत नाही.

त्याने केले ते चूकच होते, यावर मी आजही ठाम आहे. चार पोरे पंचगंगेच्या काठाला बसली होती, मुठीत मावेल एवढी गांजाची पुडी सापडली. बैठकीत वकीलसाहेबांनी कायदा समजावून सांगितला तो सगळ्यांनी ऐकून घेतला आणि कोणीही मनावर घेतला नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरतात. त्याला एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि व्यसनात अडकलेला माणूस अल्प प्रमाणात सापडला आणि स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट देणारे कलम ६४ अ सुद्धा त्याच कायद्यात आहे. म्हणजे ज्या कायद्याला आपण इतका कडक म्हणतो, त्यानेही दवाखान्याच्या बाजूला एक दार ठेवले आहे. आमच्या तीन ठरावांत ते दार कुठेच नाही. पोराला बोलावून 'का रे, किती दिवसांपासून?' एवढे विचारावे, असेही कोणाच्या मनात आले नाही. सातवीत तो माझ्या वर्गात होता. मला तरी यायला हवे होते.

आता आपण एकटेच आहोत, तर खरे ते लिहावे. बैठक गांजामुळे झालीच नाही. बैठक झाली ती फोटोमुळे. पोलीस मागे उभे आणि चौघे पुढे उकिडवे बसलेले, असा तो नेहमीचा फोटो सकाळी सात वाजता मोबाइलवर आला, आणि त्यात त्या शहाण्याच्या अंगात आमची जर्सी होती. छातीवरचे बोधचिन्ह अगदी स्वच्छ दिसत होते. बाकी तिघांच्या तोंडावर सावली होती. जर्सीवर मात्र ऊन पडले होते. दुसरा कुठलाही शर्ट घातला असता तर आबांनी त्याला तालमीच्या मागे नेऊन दोन मुस्काटात लगावल्या असत्या, महिनाभर बाकावर बसवला असता आणि विषय पेठेतच मिटला असता.

फोटोची ताकद काही आमच्यापुरतीच नाही. बीजिंगमध्ये २००८ साली आठ सुवर्णपदके मिळवलेल्या मायकेल फेल्प्सचा पुढच्याच वर्षी काचेची चिलीम तोंडाला लावलेला एक फोटो छापून आला. कुठल्याही चाचणीत तो दोषी ठरलेला नव्हता, नुसता फोटोच होता. तरी अमेरिकेच्या जलतरण संघटनेने त्याला तीन महिने स्पर्धेबाहेर ठेवले आणि केलॉग कंपनीने त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. लंडनमध्ये २०१२ साली त्याने पुन्हा चार सुवर्णपदके मिळवली, तेव्हा त्या चिलमीची आठवण कोणालाही नको होती.

फोटोपेक्षाही मोठी धास्ती होती ती पलीकडच्या पेठेची. बैठकीच्या तीनच दिवसांनी शाहू स्टेडियमवर त्यांच्याशी सामना होता, आणि पोराला काढले तरी व्हायचे ते झालेच. आमच्याकडे चेंडू आला की समोरच्या गॅलरीतून पाच-सातशे घशांतून एका तालात यायचे, "चिलीम ओढ, बॉल सोड!" माझ्या शेजारी बसलेले सेक्रेटरी दात आवळून हसल्यासारखे करत होते. यमक चांगले होते, हे मान्य करावे लागेल. ज्याच्यासाठी ते रचले होते तो मैदानात नव्हताच, म्हणून ते ओरडणे उरलेल्या अकरा जणांच्या आणि आमच्या वाट्याला आले. सामना आम्ही दोन गोलांनी हरलो. परतताना आमचीच पोरे म्हणाली की नऊ नंबर असता तर त्या आरोळीला त्याने गोलनेच उत्तर दिले असते. हीच पोरे आदल्या आठवड्यात 'पेठेच्या नावाला काळिमा' असे स्टेटस ठेवून होती.

आमच्या बैठकीच्या खोलीत घड्याळ आहे ते मॅराडोनाच्या फोटोखाली. १९८६ चा, विश्वचषक उंचावलेला फोटो आहे. त्या रात्री जेवायची वेळ झाली का, हे पाहायला मी निदान चार वेळा तिकडे पाहिले असेल, आणि चारही वेळा मला फक्त घड्याळ दिसले. नापोलीकडून खेळताना १९९१ मध्ये कोकेन सापडून त्याच्यावर पंधरा महिन्यांची बंदी आली होती आणि १९९४ च्या विश्वचषकातून दोन सामन्यांनंतर एफेड्रिनमुळे त्याला घरी जावे लागले होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. २०२० च्या नोव्हेंबरात तो गेला तेव्हा त्याच फोटोला आम्ही हार घातला आणि माझे डोळे खरोखर भरून आले होते. तो फोटो उतरवा असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणतो की त्याच्या खाली बसून एका पोराची अंडी बंद करायला आम्हाला वीस मिनिटे पुरली.

आणि दक्षिण आफ्रिकेच्या त्या वेगवान गोलंदाजाचे, रबाडाचे काय? आबांच्या सोप्यात टीव्हीपुढे बसून मी काय बोललो होतो, ते मला शब्दशः आठवते. २०२५ च्या आयपीएलमधून तो एप्रिलच्या सुरुवातीला घरी गेला, तेव्हा वैयक्तिक कारण सांगितले गेले. महिनाभराने कळले की मौजेखातर घेतला जाणारा कुठलासा पदार्थ चाचणीत सापडला होता. एक महिन्याची बंदी संपवून तो परतला आणि जूनमध्ये लॉर्ड्सवर, कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, त्याने ऑस्ट्रेलियाचे नऊ बळी घेतले. "माणूस आहे, चुकतो. शिक्षा भोगली, विषय संपला," असे मी टाळी देत म्हणालो होतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, म्हणजे वाडाचा नियमही मीच तेव्हा सगळ्यांना समजावला होता (आमच्या आबांना वाडा म्हटले की चौसोपीच दिसतो, त्यामुळे त्यात दहा मिनिटे गेली). २०२१ पासून त्या नियमावलीत गांजा, कोकेन अशा पदार्थांचा वेगळा विचार केला आहे. खेळाडूने ते स्पर्धेच्या काळाबाहेर घेतले आणि खेळात फायदा मिळवण्याशी त्याचा संबंध नव्हता असे सिद्ध झाले, तर बंदी तीन महिन्यांची, आणि त्याने उपचारांचा कार्यक्रम पूर्ण केला तर एकच महिन्याची. हे मला ठाऊक होते. इतिवृत्तात 'संपूर्ण हंगाम' असे लिहिताना पेन अडखळले नाही.

दूरच्या माणसाला क्षमा करताना आपल्याला काहीच द्यावे लागत नाही, म्हणून ती सोपी जात असावी. रबाडावरून कोणी माझ्या पेठेच्या नावाने ओरडणार नव्हते. नऊ नंबर मात्र आमचा होता. त्याने गोल केले की आम्ही फटाके उडवत होतो आणि 'आमचं पोरगं' म्हणत होतो. मग पुडी सापडल्यावर तो एकट्याचा कसा झाला?

थोरल्याच्या होस्टेलमधल्या त्या वर्षाबद्दल या वहीत मी आजवर लिहिलेले नाही. आजही लिहीत नाही.

पण सगळे माझ्याच माथी का यावे, असेही दिवसभर वाटत राहिले. चौदा हात वर झाले, त्यांतला माझा एक. वकीलसाहेब कायदा सांगून मोकळे झाले, आबा तंबाखू थुंकायला बाहेर गेले ते हात वर करायच्या वेळेलाच आत आले, आणि सेक्रेटरी तर दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला म्हणाले की सरांचेच म्हणणे तसे पडले. ती माउली तेव्हापासून भाजी मंडईत मला पाहून रस्ता बदलते; की मीच बदलतो, हे आता नक्की सांगता येत नाही. घरात ही गेले पाच आठवडे मला जेवण वाढते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. सकाळी घडलेले तिला सांगितले तेव्हा तिने भाकरी थापता थापता एवढेच विचारले, "मग, गोड लागलं का दूध?"

इथवर लिहिले आणि फोन वाजला. सेक्रेटरी होते, इतक्या रात्री. सराव करताना अठरा नंबरचा गुडघा गेला आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आहेत, आणि रविवारी उपांत्य सामना आहे. बराच वेळ हवापाण्याचे बोलून झाल्यावर म्हणाले, "सर, तो तुमचा विद्यार्थी. त्याच्या मनात काय आहे, नुसतं बघा तरी." मी विचारले, "आणि ठराव?" ते म्हणाले, "ठरावाचं काय, अक्षर तुमचंच आहे की."

मला इतके हसू आले की ही जागी झाली. संपूर्ण हंगाम म्हणजे किती, याचा निकाल अखेर एका गुडघ्याने लावला. मी तत्त्वनिष्ठ माणूस असतो तर सेक्रेटरींना नकार दिला असता आणि म्हणालो असतो की गरज पडली म्हणून केलेली क्षमा ही क्षमा नव्हे. पण रविवारी समोर कोण आहे हे मलाही ठाऊक आहे, आणि पोराने पहिला गोल मारला तर गॅलरीत सर्वांत आधी शिट्टी माझी वाजेल हेही मला ठाऊक आहे. तो येईल की नाही, हा प्रश्न वेगळाच. आला नाही तर मी त्याला दोष देणार नाही. खरे तर थोडे बरेच वाटेल.

सामन्याचे मी उद्या काढणारही नाही बहुधा. आधी त्याला विचारायचे आहे ते पाच आठवडे राहून गेलेले, का रे, आणि किती दिवसांपासून. दवाखान्यात सोबत यायचे तर येईन, असे म्हणायचे आहे, आणि ते म्हणताना आवाज वर्गात यायचा तसा येऊ नये, एवढी काळजी घ्यायची आहे.

सव्वापाचचा गजर लावला आहे. दोन ग्लासांचे सुटे पैसे शर्टाच्या खिशात घालून शर्ट खुर्चीवर ठेवला, तेव्हा कूस बदलत ही म्हणाली, "जाताच आहात तर किटली घेऊन जा, घरचं दूध संपलंय."

किटलीचे झाकण मात्र सापडत नाही.