प्रेसवर फोन नको, हे सांगण्याआधी

‘मशीनवर मोबाइल वापरण्यास सक्त मनाई’ अशी पाटी छोट्या कारखान्यांत सर्रास दिसते. बरेचदा तिच्याच खाली कुणीतरी कानाला फोन लावून उभा असतो. पाटी पाळली जात नाही, कारण कामगाराच्या मनातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नसतं: घरून तातडीचा निरोप आला, तर तो मला कोण आणून देणार?

म्हणून सुरुवात बंदीने नको, त्या निरोपापासून करा. गेटवर किंवा सुपरवायझरच्या टेबलावर कंपनीचा एक फोन हवा. तो तिन्ही पाळ्यांत चालू राहिला पाहिजे आणि प्रत्येक पाळीत तो कोण उचलणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. नंबर छापलेलं कार्ड प्रत्येकाला घरी न्यायला द्या. आलेला निरोप वहीत लिहायचा: फोन किती वाजता आला, कुणासाठी होता, मशीनपर्यंत किती वाजता पोहोचला. मग एखाद्या रात्री अडीच वाजता त्या नंबरवर स्वतः फोन करून बघा. वॉचमन राउंडला गेलाय आणि फोन केबिनमध्ये वाजतोय, असं निघालं तर बंदी लागू करायची वेळ अजून आलेली नाही.

पुढची पायरी म्हणजे जागेनुसार नियम वेगळे करणं. सगळ्या कारखान्याला एकच नियम लावला की तो सगळीकडे सारखाच ढिला होतो.

पॉवर प्रेस (पत्रा कापणारं, दाबणारं यंत्र), ग्राइंडर, फोर्कलिफ्ट आणि ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर धावणारी विजेची क्रेन) इथे फोन खिशातही नको. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसला एका स्ट्रोकला एक सेकंद लागतो. खिशात फोन थरथरला की नजर तेवढ्या वेळात खाली जाऊन येते. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच चालणाऱ्या प्रेसवर एक हात मोकळा हवा म्हणून एक बटण टेप लावून दाबून ठेवायची युक्ती जुनीच आहे, फोनमुळे तिला नवं निमित्त मिळतं. राउंड घेताना फोन शोधत बसू नका, आधी बटणं बघा. पायाच्या पेडलवर चालणाऱ्या प्रेसला तर हे दोन हातांचं संरक्षणही नसतं.

पेंट शॉप आणि थिनरच्या स्टोअरमध्ये कारण वेगळं आहे. साधा फोन ज्वालाग्राही वाफांच्या जागेसाठी बनवलेला नसतो, त्यामुळे तो दाराबाहेरच राहिला पाहिजे, साहेबांचासुद्धा.

व्हीएमसी आणि सीएनसी या संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या मशीनवर मात्र दुखणं बेशिस्तीचं कमी आणि रिकाम्या वेळाचं जास्त असतं. सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, सहा मिनिटांचा; त्यातलं एक मिनिट जॉब काढून नवा लावायला. उरलेली पाच मिनिटं माणसाने दाराच्या काचेतून कूलंट बघत काढायची का? तिथे नुसती बंदी टिकत नाही. त्याच वेळात बसेल असं काम द्या: आधीच्या जॉबचं डीबरिंग (धारदार कडा घासून साफ करणं), गेजने म्हणजे मापाच्या साधनाने तपासणी, दर पाचव्या पीसचं माप रिपोर्टमध्ये भरणं. त्यासाठी बेंच आणि गेज मशीनपासून दोन पावलांवर हवेत. गेज क्वालिटीच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर पाच मिनिटं पुन्हा फोनचीच.

कानातल्या ब्लूटूथचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ‘हात तर मोकळे आहेत’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) तुटला की कटिंगचा आवाज बदलतो, आणि चांगला ऑपरेटर डोळ्यांआधी कानांनी ते ओळखतो. गाणं चालू असेल तर तो आवाज निसटतो, मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्नही निसटतो. इयरफोनला परवानगी नाही म्हणजे एका कानालाही नाही.

आता फोन ठेवायचे कुठे? हजेरीच्या पंचिंग मशीनजवळ क्रमांक घातलेल्या खणांचा रॅक करा. दारं पारदर्शक ॲक्रिलिकची असावीत, म्हणजे फोन जमा आहे की नाही हे उघडल्याशिवाय दिसतं. कुलूप ज्याचं त्याने लावायचं, किल्ली त्याच्याकडेच. फोन वॉचमनच्या ताब्यात दिले की हरवल्याचा, स्क्रीन फुटल्याचा वाद कंपनीच्या गळ्यात पडतो. एका पाळीला ६० माणसं आणि रॅक एकच असेल, तर प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी दहा मिनिटं जातात. मग ‘पाळी उशिरा सुरू होते’ म्हणून हा रॅकच बंद पडतो. दोन रॅक दोन बाजूंना ठेवा. बंद खणात चार्जिंग नको. त्यासाठी जेवणाच्या खोलीत उघड्यावर पॉइंट द्या. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत फोन मोकळा असला पाहिजे. ते दिलं नाही, तर ‘बाथरूमला जाऊन येतो’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढते.

नियम मोडायची सुरुवात मात्र बहुधा वरूनच होते. प्रॉडक्शनचा प्लॅन व्हॉट्सॲप ग्रुपवर, ड्रॉइंगमधला बदल फोटोने, ‘तो डाय कुठेय रे’ म्हणून ऑपरेटरच्याच नंबरवर फोन. असं चालत असेल तर त्याने फोन ठेवायचा कसा? प्लॅन बोर्डवर लावा, सुपरवायझरला कंपनीचा हँडसेट द्या आणि कामाचा फोटो त्यावरूनच काढा. ग्राहकाचं ड्रॉइंग कुणाच्या खाजगी गॅलरीत पडून राहत नाही, हा वेगळा फायदा.

शिक्षेच्या बाबतीत घाई महागात पडते. फोन हिसकावून घेऊ नका. ‘फोन दिसला की ५०० रुपये कट’ असा तोंडी नियमही चालत नाही: वेतनाच्या कायद्यानुसार दंड कोणकोणत्या कृत्यांसाठी, हे सरकारच्या मंजुरीने आधी सूचना लावून जाहीर केलेलं लागतं, कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं, त्या पगाराच्या मुदतीतल्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर दंड जाऊ शकत नाही आणि तो ९० दिवसांच्या आत वसूल करावा लागतो. त्यामुळे दंडाच्या नादी न लागता नियम मराठीत आणि हिंदीत लेखी लावा, प्रत्येकाची सही घ्या, कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिस यांचीही. पहिल्यांदा तोंडी समज द्या, पण तारखेसह नोंद ठेवा. मग लेखी मेमो, त्यावर त्याचा खुलासा, आणि तरीही सुरूच राहिलं तर चार्जशीट आणि अंतर्गत चौकशी. १९४६ च्या कायद्याखालच्या (तो २०२५ मध्ये रद्द झाला) नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत, मोबाइलचं नाव नव्हतं. तिथे वरिष्ठांची कायदेशीर आणि वाजवी आज्ञा मुद्दाम मोडणं हे गैरवर्तन होतं. म्हणजे तुमची आज्ञा लेखी आणि वाजवी होती, हे आधी तुम्हालाच दाखवावं लागतं. नियम मोडणाऱ्या दहा जणांपैकी मेमो एकालाच गेला असेल, तर बाकीच्या नवांची नावं चौकशीत निघतातच.

आणि जॅमर बसवायचा विचार असेल तर तो सोडा. सरकारच्या परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाला तर रुग्णवाहिकेला फोनही त्याच शेडमधून लावायचा असतो.